गोठ्यातील अबोल चोरी

(पंचायत समितीच्या सभागृहात सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक आणि विस्तार अधिकारी यांच्या शिबिरात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



एखादा माणूस पिच्छा सोडीनासा झाला की तो गोचिडीसारखा चिकटला, असे आपण म्हणतो. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला आपण बांडगूळ म्हणतो. हे शब्द ज्या शेतकऱ्यांनी रूढ केले, त्यांनी परोपजीवी जीवनाचा अर्थ गोठ्यात आणि झाडाखाली उभे राहून ओळखला होता. आजचा विषय त्याच ओळखीचा पुढचा भाग आहे : आपल्या जनावरांच्या अंगावर, पोटात आणि रक्तात राहणारे परोपजीवी आणि त्यांच्या बाबतीत गावाचे कर्तव्य.

मी पशुवैद्य नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. शासनाच्या योजनांची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम. मग या विषयावर मी का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका प्रसंगात आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावी संकरित गाईंचे वाटप झाले. त्या समारंभाचे वृत्त मीच लिहिले. गाईंची संख्या, मान्यवरांची नावे, हार घातलेल्या गाईजवळ उभ्या असलेल्या एका विधवा भगिनीचे छायाचित्र, सारे काही त्यात होते. पुढच्या पावसाळ्यात कामानिमित्त त्याच गावी गेलो असता त्या भगिनीचा गोठा रिकामा दिसला. गाईला जबर ताप आला, खांद्यापुढे गाठी आल्या, चारा सुटला आणि पाचव्या दिवशी गाय गेली. तो गोचीड ताप होता. ती बाई मला म्हणाली, “साहेब, मी रोज सकाळी गोचिड्या वेचून काढत होते हो. दाराबाहेर टाकत होते.” गाय गेली होती, बँकेचा हप्ता मात्र राहिला होता. माझ्या वृत्तात गोचिडीविषयी एक ओळही नव्हती. ती ओळ लिहिणे माझे काम होते, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. आजचे व्याख्यान म्हणजे उशिरा लिहिलेली ती ओळ होय.

आवाज न करणारा शत्रू

साथीचे रोग आपण ओळखतो. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकत ही नावे गावातील लहान मुलालाही ठाऊक असतात. बुळकांडीने एके काळी गावेच्या गावे गोधनाला मुकत असत. लसीकरणाच्या नेटाने केलेल्या मोहिमांमुळे तो रोग देशातून हटला आणि २०११ साली तो जगातूनच नाहीसा झाल्याची घोषणा झाली. एक लस, सगळ्या गावांचा सहभाग आणि वर्षानुवर्षांची चिकाटी यांनी हे साधले.

परोपजीवी मात्र असा गाजावाजा करीत नाहीत. आपला आश्रय चटकन मरावा हे त्यांच्या हिताचे नसते. ते थोडे थोडे घेतात. गाय दूध देते, पण लिटरभर कमी. बैल औताला चालतो, पण दुपारी बसकण मारतो. कालवड माजावर येते, पण वर्षभर उशिरा. शेळी व्यायते, पण करडू अशक्त निपजते. यांपैकी कशाचीही पंचनाम्यात नोंद होत नाही. शेतकरी म्हणतो, जनावराला अंग धरवत नाही. दोष चाऱ्याला दिला जातो, कधी नजरेला, कधी नशिबाला. आपण पेंड घालतो जनावराला, खातो मात्र पोटातला जंत.

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन आहे. त्यांत गाई-बैल सुमारे १ कोटी ४० लाख, म्हशी सुमारे ५६ लाख आणि शेळ्या १ कोटीहून अधिक आहेत. शेळ्यांचा मोठा वाटा अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबांकडे असतो. तेव्हा ही अबोल चोरी ज्याच्या घरात सर्वांत कमी आहे, त्याच्याच घरात अधिक होते, हे आपण ध्यानात घ्यावे.

शास्त्रज्ञ या परोपजीवींचे ढोबळमानाने तीन वर्ग करतात. गोचिड्या, उवा, पिसवा, खरजेचे किडे हे अंगावर राहणारे. गोलकृमी, चपटे कृमी आणि पट्टकृमी हे पोटात, यकृतात, फुप्फुसात राहणारे. तिसरे अतिसूक्ष्म, रक्तात राहणारे, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे. पहिले आपल्याला दिसतात, दुसरे कधीकधी शेणात दिसतात, तिसरे कधीच दिसत नाहीत. पण या तिघांचेही एक वैशिष्ट्य समान आहे आणि आजच्या माझ्या सांगण्याचा गाभा तोच आहे : परोपजीवी बहुधा आपले सारे आयुष्य एका जनावरात काढीत नाही. त्याच्या आयुष्याचा काही भाग गोठ्याच्या भिंतीत, कुरणात, तळ्याच्या काठी, गोगलगाईत, माशीच्या सोंडेत किंवा कुत्र्याच्या आतड्यात जातो. औषध जनावराच्या पोटात जाते. या इतर जागा मात्र औषधाच्या नव्हे, गावाच्या ताब्यात असतात.

भिंतीच्या भेगेतील गोचीड

रक्त पिऊन फुगलेली मादी गोचीड एरंडाच्या बीसारखी दिसते. लॅटिन भाषेत तर गोचीड आणि एरंड या दोहोंना एकच शब्द आहे. ही फुगलेली मादी जनावराच्या अंगावर राहत नाही. ती आपण होऊन गळून पडते, भिंतीच्या भेगेत, गव्हाणीखाली, दगडाच्या सांदीत शिरते, तेथे हजारो अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून निघालेली मोहरीहून बारीक पिले पुन्हा जनावराच्या शोधात निघतात. आता त्या भगिनीचे वाक्य आठवा. तिने वेचलेली प्रत्येक फुगलेली गोचीड दाराबाहेर पडली, म्हणजे अंडी घालण्यास मोकळी झाली. तिच्या कष्टात काही उणे नव्हते. उणी होती ती माहिती. वेचलेल्या गोचिड्या रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाकून माराव्यात, एवढेच तिला कुणी सांगितले नव्हते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. गोचीड उघड्या हाताने ओढू नये आणि बोटांनी चिरडू तर मुळीच नये. २०११ साली गुजरातमध्ये क्रिमियन-काँगो ताप या माणसाच्या प्राणघातक रोगाचे रुग्ण आढळले. त्याचा विषाणू जनावरांवरील गोचिड्यांतून माणसापर्यंत येतो. हातात पिशवी किंवा हातमोजा घालून, चिमट्याने कातडीलगत धरून गोचीड काढावी.

गोचीड रोग पसरविते, ही गोष्ट शास्त्राने मान्य करण्यापूर्वी गुराख्यांनी ओळखली होती. अमेरिकेत दक्षिणेकडील जनावरे उत्तरेकडे नेली की स्वतः धडधाकट राहत, पण त्यांच्या वाटेवर चरणारी उत्तरेकडील जनावरे तापाने मरत. गोपालक म्हणत, याला कारण गोचीड. विद्वान मान हलवीत. १८९३ साली थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी प्रयोगांती सिद्ध केले की, त्या तापाचा रक्तातील जंतू गोचीडच वाहून नेते आणि तो तिच्या अंड्यांतून पुढच्या पिढीतही उतरतो. कीटकवर्गीय प्राणी अशा जंतूंचा रोग पसरवितात, याचा हा पहिला पुरावा होता. डासात मलेरियाचा जंतू रोनाल्ड रॉस यांना आपल्या सिकंदराबादेत सापडला तो त्यानंतर चार वर्षांनी.

पुढे १९०६ साली अमेरिकेने त्या गोचिडीविरुद्ध राष्ट्रीय मोहीम उघडली. एकेक परगणा घेऊन त्यातील प्रत्येक जनावर ठराविक दिवसांनी औषधाच्या हौदातून काढावयाचे, एकही वगळावयाचे नाही, अशी ती पद्धत होती. १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेलगतचा पट्टा सोडून बहुतेक देश त्या गोचिडीपासून मुक्त झाला. एकेका गोठ्याने स्वतंत्रपणे लढून हे झाले नसते.

आपल्याकडे हा प्रश्न संकरित गाईंबरोबर अधिक तीव्र झाला. खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ या आपल्या गाई पिढ्यान्‌पिढ्या गोचिडींच्या सहवासात वाढल्या. त्यांची कातडी, त्यांच्या शेपटीचा झटका आणि त्यांचे रक्त या शत्रूला ओळखते. परदेशी रक्ताच्या गाईला ही ओळख नसते. धवलक्रांतीने दूध वाढविले हे खरेच, पण दुधाबरोबर गोठाही बदलावयास हवा होता. अनेक ठिकाणी गाय बदलली, भिंत तीच राहिली.

गोचीड ताप हे एका रोगाचे नाव नसून अनेक रोगांना मिळून दिलेले नाव आहे. थायलेरियामुळे होणाऱ्या तापात खांद्यापुढील व मांडीपुढील गाठी सुजतात, डोळ्यांतून पाणी येते, अंगातील रक्त झपाट्याने कमी होते. बबेसियामुळे होणाऱ्या तापात लघवी तांबडी किंवा कॉफीच्या रंगाची होते. दोन्हींवर परिणामकारक औषधे आहेत आणि थायलेरियावर भारतात तयार झालेली लसही आहे. परंतु औषध पहिल्या-दुसऱ्या दिवशी मिळाले तर उपयोग. तापलेल्या गाईला दोन दिवस काढे पाजून तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले, तर दोष औषधाला देता येणार नाही.

गोठ्याच्या भेगा बुजविणे, भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत गिलावा व वर्षातून दोनदा चुना, गव्हाणीखालचा कचरा काढणे, शेणाचा उकिरडा गोठ्यापासून दूर ठेवणे, गोठ्यात कोंबड्या फिरू देणे, ही कामे स्वस्त आहेत. फवारणीचे औषध जनावराच्या अंगावर मारताना गोठ्याच्या भेगांतही मारावे, नाहीतर अर्धा शत्रू घरातच राहतो. मात्र त्या वेळी जनावर, चारा व पाणी गोठ्याबाहेर असावे.

तळे, गोगलगाय आणि भाताचा पेंढा

गोचिडीचे घर भिंतीत, तर यकृतातील चपट्या कृमीचे घर तळ्यात. पूर्व विदर्भातील मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोकणातील भातखाचरे, कालव्यांच्या पाझराने झालेल्या पाणथळ जागा, हे या कृमीचे आवडते प्रदेश होत. झाडाच्या पानासारखा दिसणारा हा कृमी गाईम्हशींच्या आणि शेळ्यामेंढ्यांच्या यकृतात, पित्तनलिकांत राहतो. जनावर खंगते, हगवण लागते, आणि जबड्याखाली पाण्याची मऊ सूज येते. ही जबड्याखालची सूज गुराख्याने पाहिली की त्याने जनावर दवाखान्यात न्यावे.

याची जीवनकथा एखाद्या रहस्यकथेसारखी आहे. कृमीची अंडी शेणातून पाण्यात पडतात. त्यांतून निघालेला सूक्ष्म जीव पाण्यातील विशिष्ट जातीच्या गोगलगाईत शिरतो. गोगलगाईच्या शरीरात तो एकाचे शेकडो होतो. मग हे शेकडो जीव पाण्यात उतरून काठच्या गवताला, भाताच्या ताटाला चिकटतात आणि कवच धारण करून वाट पाहतात. जनावराने ते गवत खाल्ले की चक्र पूर्ण होते. १८७९-८० च्या ओल्या हंगामात इंग्लंडमध्ये या रोगाने सुमारे तीस लाख मेंढ्या दगावल्या. त्या आपत्तीने शास्त्रज्ञांना कामास लावले आणि काही वर्षांतच इंग्लंडमध्ये ए. पी. थॉमस आणि जर्मनीत रुडॉल्फ लॉयकार्ट यांनी स्वतंत्रपणे गोगलगाईचा हा दुवा शोधून काढला.

या कथेत साखळीच्या तीन कड्या आपल्या हाती आहेत. पहिली कडी शेणाची. जनावरे तळ्यात डुंबावयास सोडली की शेण पाण्यातच पडते. ग्रामपंचायतीने काठापासून दूर, ओटा बांधून, जनावरांसाठी पाण्याचा हौद केला तर ही कडी निखळते. दुसरी कडी गोगलगाईची. पाणवनस्पती काढल्याने, कालव्याचे पाझर बुजविल्याने आणि बदके पाळल्याने गोगलगाई कमी होतात. तिसरी कडी चाऱ्याची. पाण्यात बुडालेल्या भागावरच कवचधारी जीव अधिक चिकटतात, म्हणून भात कापल्यावर ताटाचा खालचा भाग ओला असताना खाऊ घालू नये. पेंढा चांगला वाळवून, रचून, काही महिन्यांनी घातला तर धोका पुष्कळ कमी होतो. यांपैकी एकही गोष्ट कुणा शेतकऱ्याला एकट्याने पुरी करता येणारी नाही, कारण तळे एकट्याचे नसते.

पारडू, शेळी आणि जंत

म्हशीच्या पारडाचे मरण आपण इतके गृहीत धरले आहे की त्याची कुणाला हळहळही वाटत नाही. या मरणाचे एक मोठे कारण म्हणजे वीतभर लांबीचा पांढरा गोलकृमी. त्याची पिले म्हशीच्या शरीरात सुप्तावस्थेत पडून असतात, विण्याच्या सुमारास ती कासेकडे येतात आणि दुधावाटे पारडाच्या पोटात उतरतात. तीन-चार आठवड्यांत पोट नगाऱ्यासारखे होते, चिखलासारखी घाण वासाची हगवण लागते, केस राठ होतात. काही जण यावर उपाय म्हणून पारडाचा चीकच बंद करतात. हा उपाय रोगाहून वाईट आहे, कारण पहिल्या काही तासांतील चीक हेच पारडाचे पहिले संरक्षण होय. चीक भरपूर पाजावा आणि पारडू दहा ते पंधरा दिवसांचे असताना पशुवैद्याच्या सल्ल्याने जंताचे पहिले औषध द्यावे. खर्च किरकोळ, लाभ एका म्हशीचा.

शेळ्यामेंढ्यांच्या जठरात राहणारा रक्तशोषक गोलकृमी तर हिशेबाने समजून घेण्यासारखा आहे. एक कृमी दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त काढतो. म्हणजे वीस कृमींना एक मिलिलिटर. एका शेळीच्या पोटात हजार कृमी असले तर रोज ५० मिलिलिटर रक्त जाते आणि दहा दिवसांत अर्धा लिटर. पंचवीस किलो वजनाच्या शेळीच्या अंगात सारे मिळून दीड-दोन लिटरच रक्त असते. पावसाळ्यात शेळी सकाळी चरावयास गेली आणि संध्याकाळी मरून पडली, अशा कित्येक घटनांत आपण सापाला दोष देतो. गुन्हेगार तिच्या जठरातच असू शकतो.

आपले मेंढपाळ धनगर बांधव दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्यापूर्वी माघारी माळरानावर येतात. कोकणच्या ओल्या जमिनीत मेंढी पावसाळा काढू शकत नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. ओल आणि ऊब असली की जंताची पिले गवताच्या पात्यावर चढतात, हे शास्त्र त्या अनुभवाला पुष्टीच देते. ज्यांना स्थलांतर करता येत नाही त्यांनी निदान दव उतरल्याशिवाय कळप चरावयास सोडू नये, एकाच तुकड्यावर रोज चारू नये आणि कोवळी करडे मोठ्या शेळ्यांच्या मागून त्याच कुरणात नेऊ नयेत.

दक्षिण आफ्रिकेत एक साधी युक्ती निघाली आहे. शेळीच्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढून आतला रंग पाहावयाचा. लाल असेल तर रक्त ठीक, फिकट गुलाबी असेल तर सावध, पांढुरकी असेल तर ताबडतोब उपचार. ही परीक्षा शाळेतील मुलगाही शिकू शकतो.

कुत्रा, माणूस आणि एक पुस्तिका

आपण जनावरांविषयी बोलत आहोत, पण माणूस या साखळीबाहेर नाही. १८८० साली डेरा इस्माइल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स यांनी सर्रा झालेल्या घोड्या-उंटांच्या रक्तात वळवळणारा जंतू पाहिला. तो मोठ्या गोमाश्यांच्या चाव्याने पसरतो. सव्वाशे वर्षे तो जनावरांचाच रोग समजला गेला. २००४ साली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील एका खेड्यातील शेतकऱ्याच्या रक्तात तो आढळला. माणसात या जंतूची खात्रीने नोंद झालेली ही पहिलीच घटना होती. माणसाच्या रक्तात या जंतूला मारणारे एक प्रथिन असते आणि या शेतकऱ्यात ते नव्हते, असे पुढील संशोधनात दिसून आले. उपचाराने तो बरा झाला. अशी घटना विरळा आहे, घाबरण्याचे कारण नाही. पण गोठा आणि घर यांमधील भिंत आपण समजतो तितकी जाड नाही, हे तीवरून कळते.

कुत्र्याचा पट्टकृमी मात्र विरळा नाही. काही मिलिमीटर लांबीचा हा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो, कुत्र्याला फारसा त्रास देत नाही. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, भाजीवर, पाण्यात पडतात. ती मेंढी, शेळी, गाय किंवा माणूस यांच्या पोटात गेली की यकृतात व फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी वाढू लागतात. माणसाच्या पोटातील अशी गाठ अनेक वर्षे वाढत राहते आणि शेवटी शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते. बोकड-मेंढी कापल्यावर गाठी असलेले यकृत व फुप्फुस कुत्र्यांपुढे टाकले की चक्र पुन्हा सुरू होते. जत्रेच्या दिवशी आपल्या प्रत्येक गावात हे घडते.

येथे एका दूरच्या बेटाची हकीकत सांगतो. एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये हा रोग घरोघरी होता. १८६३ साली हॅराल्ड क्रॅब्बे हे डॅनिश शास्त्रज्ञ तेथे गेले आणि पाहणीत त्यांना चारांतील एकाहून अधिक कुत्र्यांत हा कृमी आढळला. त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली. रोग कोठून येतो, कापलेल्या मेंढीच्या गाठी कुत्र्याला का देऊ नयेत, त्या जाळाव्यात किंवा पुराव्यात, एवढेच तीत होते. ही पुस्तिका छापून देशातील प्रत्येक घरी फुकट वाटण्यात आली. हिवाळ्याच्या लांबलचक रात्री वाचन हाच तेथील घरांचा विरंगुळा, त्यामुळे ती वाचली गेली. काही वर्षांनी कायदाही झाला. नव्या पिढीत हा रोग कमी कमी होत गेला आणि विसाव्या शतकात तो त्या बेटावरून नाहीसा झाला. परिणामकारक औषध उपलब्ध होण्यापूर्वीच बहुतांश काम झाले होते. माहिती खात्यातील माझ्यासारख्या माणसाला ही हकीकत धीर देते, आणि लाजवितेही. एक पुस्तिका एवढे करू शकते, जर ती घरी पोहोचली आणि वाचली गेली तर.

औषधाची मर्यादा

औषधांविषयी दोन शब्द. १९८१ साली बाजारात आलेल्या आयव्हरमेक्टिनने जंत आणि गोचीड या दोघांविरुद्ध मोठे साधन दिले. त्यामागील संशोधनाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला. परंतु कोणतेही साधन बेपर्वाईने वापरले की बोथट होते. अंदाजाने कमी मात्रा देणे, वर्षानुवर्षे एकच औषध देणे, शेजाऱ्याच्या गाईला लागू पडले म्हणून आपल्या शेळीला पाजणे, यांमुळे औषधाला दाद न देणारे जंत आणि गोचिड्या निर्माण होतात. देशात अनेक ठिकाणी असे आढळून आले आहे. काही औषधे गाभण जनावरास पहिल्या महिन्यांत घातक असतात. काहींचा अंश दुधात उतरतो, ते दूध ठराविक काळ माणसाने घ्यावयाचे नसते. म्हणून शेणतपासणी करून, वजनाच्या प्रमाणात, पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध द्यावे. काड्यापेटीएवढ्या डबीत ताजे शेण दवाखान्यात नेले तर सूक्ष्मदर्शकाखाली कृमींची अंडी ओळखता येतात. शेण हे गोठ्याचे खरे वार्तापत्र आहे. आपण ते वाचावयास शिकले पाहिजे.

गावाने करावयाचे काम

आता कर्तव्याचा भाग. सरपंच आणि सदस्यांनी ग्रामसभेत वर्षातून दोन दिवस ठरवावेत, एक पावसाळ्यापूर्वीचा व एक पावसाळा संपल्यानंतरचा. त्या दिवशी पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली गावातील सर्व जनावरांची तपासणी व उपचार एकाच वेळी व्हावेत. निम्म्या गावाने औषध दिले आणि निम्म्याने दिले नाही, तर कुरण तसेच दूषित राहते आणि औषध दिलेल्याचाही पैसा वाया जातो. जनावरांसाठी हौद, तळ्याच्या काठाची स्वच्छता, जत्रेच्या ठिकाणी कापलेल्या जनावरांचे टाकाऊ भाग पुरण्यासाठी खोल खड्डा आणि मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त ही कामे पंचायतीच्या आवाक्यातील आहेत.

पोळ्याला आपण बैलांना न्हाऊ घालतो, खांदे मळतो, शिंगे रंगवितो. त्याच दिवशी बैलाच्या कानात, मानेच्या पोळीखाली, शेपटीच्या बुडाशी आणि मांडीच्या आत हात फिरवून गोचीड पाहण्याचा रिवाज पाडला तर सणाला शोभाच येईल. जेथे बेंदूर साजरा होतो तेथे बेंदराला हे करावे.

शिक्षकांकडे माझे विशेष मागणे आहे. आइसलँडमध्ये जे पुस्तिकेने केले ते आपल्याकडे चौथी-पाचवीतील मुले करू शकतील. फळ्यावर गोगलगाईचे ते चक्र काढा. मुलांना शेळीच्या पापणीचा रंग पाहावयास सांगा. कुत्र्याला हात लावल्यावर हात धुतल्याशिवाय जेवू नये, हा धडा द्या. मूल घरी जाऊन आजोबांना जे सांगते, ते आमच्या भित्तिपत्रकाहून अधिक ऐकले जाते.

आणि अधिकारी मित्रांना, त्यांत मी स्वतःही आलो, एवढेच सांगतो : जनावर वाटपाच्या प्रत्येक योजनेबरोबर गोठ्याची पाहणी व्हावी. गाय दारात येण्यापूर्वी भिंतीच्या भेगा बुजल्या की नाही ते पाहावे, आणि लाभार्थीला गोचिडीचे काय करावयाचे ते तोंडी सांगावे. नुसता कागद देऊन काम संपत नाही.

त्या भगिनीच्या गोठ्यात पुढे दोन उस्मानाबादी शेळ्या आल्या. गेल्या हिवाळ्यात मी तिकडून जात असता गोठा पाहिला. भिंतीला चुना होता, आणि दाराशी झाकण लावलेला रॉकेलचा डबा होता. त्यात काय आहे, हे तिने मला विचारू दिले नाही. आपणच म्हणाली, “साहेब, आता बाहेर टाकत नाही.”

एवढे वाक्य आपल्या तालुक्यातील प्रत्येक गोठ्यात ऐकू यावे, ही अपेक्षा व्यक्त करतो.